समोरचे दात

माय, आज दुपारी मी दाताच्या डॉक्टरकडून आली. अर्धं तोंड अजून बधिर आहे. ओठ माझा की दुसऱ्या कोणाचा ते कळत नव्हतं, चहा हनुवटीवरून लुगड्यावर सांडला तेव्हा समजलं की माझाच. सून म्हणाली, आई, पडा जरा. पडून काय करू, दिवसा झोप लागत नाही, अन बोलायले गेलं तर शब्द तोंडात वाकडे होतात. म्हणून लिहायले बसली. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून किराण्यापलीकडे मी काही लिहिलं नाही, तेव्हा अक्षराकडं पाहू नको. तुले तसंही वाचता येत नव्हतं, ते एक बरं आहे.

मागं एकदा सुनेले सांगितलं की माझ्या मायचे दात काळे होते, तर ती म्हणे, किडले होते का? मी म्हणाली, किडले नव्हते, रंगवले होते. तिले खरं वाटलं नाही. आता दातवण म्हणजे काय हे कोणाले सांगून कळत नाही. अत्ताराच्या दुकानातून हिरडा, मायफळ अन हिराकस यायचं, तू ते कुटून, वस्त्रगाळ करून डबीत भरायची. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी भांडीकुंडी झाली की चुलीपुढं बसून बोटानं दातांवर लावायची अन मग कोणी काही विचारलं की नुसती हुं हुं करायची, कारण तोंड उघडलं की रंग नीट बसत नाही. घरात तेवढाच वेळ शांतता असायची. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, तसंच दातवण. नवरा आहे तोवर दात काळे. पांढऱ्या दाताची बाई म्हणजे कुवार नाही तर रांड, नवरा मेलेली. माझ्या लग्नाच्या वेळी तू माझ्याही दाताले लावायले निघाली होती, मी तोंडच उघडलं नाही. मले मलकापुरात दिलं होतं, जिनिंगातल्या कारकुनाले, अन त्यानं पाहायले आला तेव्हाच सांगितलं होतं की पोरीचे दात काळे करू नका. तू म्हणाली, "शयरातला नवरा. बायकोले जितेपणीच रांडेवानी ठेवतो." तो समोर बसून पोहे खाऊन राह्यला होता.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, त्यानंतरच्या एक-दोन पावसाळ्यांतली गोष्ट. आपला मळा रोहिणखेडच्या वाटेवर, बाबा मोट हाकायचा, वांगी-मिरची, सांबाराच्या हिरव्या जुड्या निघायच्या अन तू ते घेऊन बाजाराले बसायची. त्या साली तू वाळायले लागली. चोळीत हात लोंबायचे. हंडाभर पाणी एकटी प्यायची अन वरून म्हणायची, घसा कोरडाच आहे. पायात बाभळीचा काटा मोडला होता, तो निघाला पण जखम काही मिटली नाही, हळद भरून, पाला बांधून, सगळं करून झालं. गावात कोणी म्हणे नजर, कोणी म्हणे बाहेरचं. मग दाढ दुखायले लागली. बाजारात सतरंजी अंथरून बसणारा एक दात काढणारा होता, त्यानं ती दाढ काढली, पण ती जागाही पायासारखीच, भरायचं नाव नाही. गालाले फडकं बांधून तू एस.टी.नं माझ्याकडं मलकापूरले आली. दारातच म्हणाली, "पाहुणचार नको करू. मले भाकर चावत नाही." मी तुझं तोंड पाह्यलं अन दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या रस्त्यावर जो एक दाताचा डॉक्टर होता त्याच्याकडं तुले घेऊन गेली.

तो डॉक्टर म्हणजे उंच, वाकलेला, मुंबईत शिकून आलेला माणूस. पायानं चालवायचं यंत्र होतं त्याच्याकडं, शिवणकामाच्या मशीनीसारखं. खुर्ची पाहून तू म्हणाली, यावर बसवून हजामत करता का? तो हसला नाही. त्यानं तुझं तोंड उघडून पाह्यलं, जवळ तोंड नेऊन वास घेतला, हिरडीवर बोट दाबलं तर पू आला. मग त्यानं दात सोडून भलतंच विचारायले सुरुवात केली. पाणी फार लागतं का, रात्री उठावं लागतं का, वजन उतरलं का. तू ऐकून घेतलं अन म्हणाली, "डॉक्टर, मी दात दाखवायले आली का मुताचा हिशोब द्यायले?" तो म्हणाला, "बाई, राग मानू नका. लघवी करता तिथे मुंग्या लागतात का?" तू खुर्चीत सरळ झाली. माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "याले कसं मालूम?"

त्यानं चिठ्ठी देऊन सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथं काचेच्या नळीत निळं पाणी घेऊन त्यात लघवीचे थेंब टाकले, दिव्यावर तापवलं अन ते पाणी निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं होत होत विटेसारखं लाल झालं. साखर. तिथल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, गूळ बंद, भात बंद, बटाटा बंद सांगितलं. परत दाताच्या डॉक्टरकडं आलो तेव्हा त्यानं जे सांगितलं ते मले अजून जसंच्या तसं आठवते, कारण त्यानं ते तुले नाही, मले सांगितलं. म्हणाला, "गोळ्या चालू ठेवा. पण तोंडात असा पू भरलेला असेपर्यंत साखर उतरायची नाही, आणि साखर उतरल्याशिवाय हिरड्या भरायच्या नाहीत. दोन्ही एकमेकांना धरून बसले आहेत. एकाला सोडवायचं तर दुसऱ्यालाही सोडवावं लागेल. साखर अशीच राहिली तर पायाची जखम वर चढेल, मग पाय वाचणार नाही, आणि पायावरच थांबेल असंही नाही. हे दात सगळे खरवडून स्वच्छ करायला हवेत. हा काळा थर आहे ना, याच्याखाली दगडासारखं किटण बसलंय, हिरडीच्या आतपर्यंत. ते काढायचं तर हा काळा रंग जाणारच."

तू खुर्चीतून पाय खाली सोडले.

"रंगाले हात लावाचा नाही," तू म्हणाली.

"अहो, रंग महत्त्वाचा की जीव?"

"डॉक्टर, तुमच्या मायचे दात कसे आहेत?"

"पांढरे आहेत."

"म्हणजे तुमचे वडील नाहीत."

"नाहीत. मी लहान असतानाच गेले."

"मंग मले काऊन सांगून राह्यले?" तू म्हणाली अन पायात चपला घातल्या. तो बिचारा हातात आरसा धरून तसाच उभा. मग माझ्यावर घसरला. तुम्ही मुलगी ना, तुम्ही शिकलेल्या दिसता, समजवा त्यांना, नाहीतर पाय कापायची वेळ आल्यावर रडत याल. मी म्हणाली, मी चौथी आहे, अन तुम्ही मुंबईचे आहात, तुमचं ऐकलं नाही तिनं, माझं काय ऐकणार. रस्त्यानं तू दुखरा पाय ओढत माझ्यापुढं चालली. घराजवळ आल्यावर म्हणाली, माणूस वाईट नाही, मायले जपत असंन.

त्याच संध्याकाळी बाबा वांग्यांची गाडी घेऊन मलकापूरच्या बाजाराले आला होता, तो जेवायले माझ्याकडं आला. माझं स्वयंपाकघर म्हणजे एक चूल अन दोन माणसं बसतील एवढी जागा. तू भाकरी टाकून राह्यली होती, मी चटणी वाटून राह्यली होती, अन बाबा ताटात भाकर दुधात कुस्करून खात होता. त्याले कडक काही चावायचं नाही, तंबाखूनं दात हलायले लागले होते, पण पुरुषाच्या दाताकडं कोण पाहते. त्यानं विचारलं, काय म्हणे डॉक्टर? मी सगळं सांगितलं, पायाचंही. त्यानं दूध पिऊन टाकलं, मिशी पुसली अन म्हणाला, "मंग घासून घे ना."

"तुमाले समजते का काय बोलून राह्यले ते?"

"समजते. असं समज मी मेलो. आता घास."

तव्यावर भाकर होती. तू ती उलटली नाही. वास सुटला, धूर झाला, तरी तू तव्याकडं पाहत बसली, शेवटी मीच चिमट्यानं उचलली. मग त्याच्याकडं न पाहता तू मले म्हणाली, "याले सांग, थू म्हणायले सांग."

"थू," बाबा म्हणाला. "झालं?"

"तीनदा म्हणायले सांग."

"थू, थू, थू. आता एक भाकर दे, ती जळकी नको देऊ."

तू त्याले भाकर दिली, पण माझ्या हातानं. दुसऱ्या दिवशी तो गाडी जुंपून निघाला तेव्हाही तू त्याच्याशी माझ्यामार्फत बोलली. याले सांग बैलाले पेंड घालजो, याले सांग मिरचीले पाणी देजो. तो गेल्यावर पाटावर बसून चहा पिताना एकदम म्हणाली, "मागचे घासू दे त्याले. मागचे कोणाले दिसते?"

आता हे लिहिताना मले वाटते, किती डोकं लावलं असशील तू रात्रभर. जीव वाचावा, अन नवऱ्याचं वाईट होऊ नये, दोन्ही एकाच तोंडात बसवायचं होतं. तुझ्यासारखीलेच ते सुचलं असतं.

डॉक्टर ऐकून कपाळाले हात लावून बसला. म्हणाला, "बाई, पू काही समोरचा-मागचा पाहून होत नाही." तू म्हणाली, तुमी मागचे घ्या, मंग बोला. त्यानं घेतले. बऱ्याच खेपा लागल्या. दर खेपेले बाबा तुझ्यासोबत यायचा, मळा टाकून, अन बाहेर बाकावर बसायचा, तळहातावर तंबाखू मळत. आत तुझ्या तोंडातून काळे-पिवळे खपले निघून थुंकायच्या चिलमचीत पडायचे, रक्त यायचं, तू हूं की चूं करायची नाही. एकदा डॉक्टर हात धुवायले बाहेर आला तेव्हा बाबानं हनुवटी वर करून, तोंडातला तंबाखू सांभाळत विचारलं, "बरी होईन ना ते?" डॉक्टर म्हणाला, "अर्धी होईल. अर्धंच काम करू देतात त्या." अन आत गेला. शेवटच्या दिवशी त्यानं मले काचेची नळी, लाकडी चिमटा अन निळ्या पाण्याची बाटली दिली, घरी दर आठवड्याले कसं पाहायचं ते शिकवलं. निळं राहिलं तर छान, विटकरी झालं तर माझ्याकडं या. मी ते गावी आणून तुले दाखवलं. तू ते घरात आणू दिलं नाही, गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवलं अन म्हैस दचकते म्हणून मलेच बोलली.

साखर उतरली, पण अर्धी. विटकरी जायचं अन पिवळ्यावर येऊन थांबायचं. तहान कमी झाली, चोळी भरली, पायाच्या जखमेच्या कडा वाळल्या पण मधलं तोंड उघडंच. समोरच्या दातांच्या हिरड्या तशाच सुजलेल्या, त्यावर तू दर बाजाराच्या आदल्या संध्याकाळी दातवण लावतच होती. मी माहेरी आली की पहिले नळी तापवायची, पिवळं पाहायची, गोठ्यात ओतून द्यायची. डॉक्टर मले रस्त्यात भेटला की विचारायचा, काय म्हणतात समोरचे? मी म्हणायची, आहेत. असे दोनेक वर्ष गेले असतील.

बाबा सकाळी मोटेवर गेला. बैलांच्या धावेवर मधातच खाली बसला. बैल उभे राहिले तसेच, मोट अर्ध्या विहिरीत. शेजारच्या मळ्यातल्यानं पाहिलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. लोक म्हणाले, छातीत कळ आली असंन. तो दोन-तीन वर्षांपासून जेवल्यावर छाती जळते म्हणून सोडा घेत होता, ते मले नंतर कळलं. मी मलकापूरहून पोचली तेव्हा तू अंगणात बसली होती, रडून झालं होतं की व्हायचं होतं ते कळत नव्हतं.

दहाव्याले नाल्यावर बायकांनी तुझं सगळं काढलं. बांगड्या, कुंकू, ते होतेच. मग बाबाची मोठी बहीण, माझी आत्या, तिनं ओली रेती अन राख बोटावर घेतली अन तुझ्या दातांले लावली. मी म्हणाली, "आत्या, हळू. हिरड्या पिकल्या आहे तिच्या." आत्या म्हणाली, "रंग निघाला पाह्यजे ना वो." तुझ्या ओठांवरून लाल पाणी हनुवटीवर आलं. तू मान वर केली अन आत्याले म्हणाली, "घास जोरानं. लवकर होऊ दे." मी बाजूले उभी होती, मले काही झालं नाही, मी फक्त पाहून राह्यली होती की काळ्याखालून काय निघते. पिवळे, जाड, चांगले दात निघाले. तुझे दात मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

परतताना बायका मागून बोलत होत्या, तुले ऐकू जाईल इतपतच हळू. मागचे तर ही मलकापुरातून आधीच धुऊन आली होती, नवरा जिता असताना. अर्धी रांड तर तेव्हाच झाली होती, बाकी राह्यलेलं देवानं पुरं केलं. तू चालत राहिली. आठ-पंधरा दिवसांनी आपण दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा तू शेंग हातात धरून विचारलं, "पोरी, खरं सांग. असं होत असते का?"

"नाही होत."

"तुले काय मालूम. तू काय डॉक्टर आहे?"

"मंग डॉक्टरले विचार."

"त्यालेच विचारीन," तू म्हणाली अन शेंग सोलली.

हिरड्या आता इतक्या दुखायच्या की तू पेजेवर आली होती, म्हणून मी तुले घेऊन गेलीच. डॉक्टर खुर्चीजवळ काही उकळत बसला होता. त्यानं वळून पाहिलं अन दाताच्या माणसाची नजर जिथं जाते तिथंच गेली. तुझे समोरचे दात पाहून त्याचं तोंड फुललं. "शाब्बास बाई!" म्हणाला. "ऐकलंत एकदाचं माझं!" इतका आनंद मी त्या माणसाच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. मग त्याची नजर वर तुझ्या कपाळावर गेली, तिथून खाली हातांवर. हातातला चिमटा त्यानं ताटलीत ठेवला, तो वाजला.

"तुमचं नाही ऐकलं, डॉक्टर," तू म्हणाली. "माणूस गेला."

त्यानं खुर्चीवरचं फडकं झटकलं. बसा, म्हणाला. तू बसली, डोकं मागं टेकवलं, अन तोंड उघडायच्या आधी विचारलं, "मागचे घासले म्हणून गेला का तो?"

"नाही हो बाई. असं कुठे असतं का? दातांचा आणि त्याचा काय संबंध?"

"खरं सांगून राह्यले ना?"

"अगदी खरं."

"बरं," तू म्हणाली. "काढा आता काय काढायचं ते. आता कोणाचं भेव नाही." अन तोंड उघडलं. त्यानं समोरचे हिरडीच्या आतून खरवडले, दोन हलत होते ते काढले. त्या दिवशी त्यानं यंत्र फार हळू चालवलं. पैसे देऊ केले तर हात मागं घेतला.

मग साखर उतरली. मी नळी तापवली तर पाणी निळंच राहिलं. मले वाटलं बाटली खराब झाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तरी निळं. कोणी म्हणेल सुतकात जेवली नाही म्हणून उतरली, तर तसं नाही, पुढं तू चांगली जेवायले लागली तरी ते पिवळ्याकडं गेलं नाही. हरभरा खळ्यावर यायच्या आत पायाची जखम मिटली. मी नळी तुले दाखवली तेव्हा तू ती उन्हात धरून पाहिली, पपईच्या बुडाशी ओतली अन म्हणाली, "बरं झालं." एवढंच. डॉक्टर दोन वर्षं ओरडत होता ते बाबा मेल्यावर आपोआप झालं, हे तुलेही दिसत होतं अन मलेही. आपण दोघी त्यावर कधी बोललो नाही. तू बरीच वर्षं जगली, माझी पोरं खेळवली, बोलताना पदर तोंडापुढं धरायची सवय तेवढी लागली. मेली तेव्हा बहुतेक दात तोंडात होते, तुझ्या वयाच्या कोणत्या बाईचे होते सांग. पण मधूनच, काही निवडताना, काही सोलताना तू म्हणायची, "मागचे राहू देले असते तर..." अन पुढचं बोलायची नाही. डॉक्टरनं खरं सांगितलं असं तू मानलं नाही. तुले वाटायचं त्यानं तुझं मन राखलं.

आता ज्याच्यासाठी बसली ते लिहिते. मलेही साखर आहे, कधीची आहे. इथली दाताची डॉक्टर पोरगी आहे, माझ्या नातीच्या वयाची, बोलते फार. साखरेच्या डॉक्टरनंच मले तिच्याकडं पाठवलं, की औषध घेऊनही उतरत नाही तर तोंड दाखवून या. तिनं आज इंजेक्शन देऊन माझी एक दाढ काढली अन बोळे कोंबून, मी बोलू शकत नाही हे पाहून बोलत बसली. हिरड्या सुजल्या की शुगर वाढते, शुगर वाढली की हिरड्या सुजतात, आजी तुम्ही दर सहा महिन्यांनी यायचं. मी मनात म्हणाली, हे तर मले तेव्हापासून माहीत आहे. मग ती म्हणाली, अन नुसती शुगर नाही. ज्यांच्या हिरड्या फार खराब असतात त्यांच्यात हृदयाचा त्रासही जास्त दिसतो, म्हणून आम्ही आता पेशंटले छातीचंही विचारतो.

मी छताकडं पाहून राह्यली होती. मले स्टेशनच्या रस्त्यावरचा तो बाक दिसला. आपण आत, तुझ्या तोंडात डॉक्टरचा दिवा, अन बाबा बाहेर तंबाखू मळत, हलत्या दातांचा, छाती जळणारा, दुधात भाकर कुस्करणारा. इतक्या खेपा आला, इतके तास बसला. दोन पावलांवर दाताचा डॉक्टर होता अन त्याले कोणी म्हटलं नाही की आत या, तोंड उघडा. डॉक्टरनं नाही, तू नाही, मीही नाही. तो तर रोगी नव्हताच, तो रोग्याचा नवरा होता.

बोळे काढल्यावर तिनं विचारलं, काही विचारायचं आहे? मी वाकड्या तोंडानं विचारलं, एखादा माणूस तंबाखू खाणारा, हिरड्या पिकलेला, जेवला की छाती जळते म्हणणारा, त्याचं काय? ती म्हणाली, "त्यांनी आधीच यायला हवं होतं, आजी. हिरड्यांमुळेच झालं असं ठाम नाही म्हणता येत, तंबाखू असतो, बाकीचं असतं. पण तोंड पाहिलं असतं तर आम्ही त्यांना लगेच हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवलं असतं."

तर माय, तू विचारलं होतं त्याचं उत्तर असं आहे. दाताचा संबंध असलाच तर त्याच्या स्वतःच्या दाताचा होता. तुझ्या मागच्या दातांचा नव्हता, समोरच्यांचाही नव्हता. तू एकही घासू दिला नसता अन घरी दळण दळत बसली असती, तरी तो मोटेवर गेलाच असता. त्या बायका मेल्या, आत्या मेली, नाहीतर जाऊन सांगून आली असती एकेकीले.

घरी आल्यावर मी आमच्या म्हाताऱ्याले म्हणाली, पुढच्या खेपेले तुम्ही माझ्यासोबत यायचं. तो म्हणे, मी बसतो ना बाहेर बाकावर. मी म्हणाली, बाहेर नाही, आत. "मले काय झालं?" "काही झालं नाही तोवरच चला." तो म्हणे, या वयात दात दाखवून काय लग्न करायचं का? मी म्हणाली, कोण देते तुमाले. त्यावर तो हसला, अन हसताना मी त्याच्या तोंडात पाहून घेतलं. काही खरं नाही.

वाटलं होतं हे लिहून झालं की काहीतरी वाटेल. वाटलं नाही. ओठाले मुंग्या येऊन राह्यल्या आहे, गुंगी उतरत असंन. हे कागद कोणाले दाखवायचे नाहीत, सुनेले तर नाहीच, ती सगळ्या गल्लीत वाचून दाखवंन. एक तेवढं सांगते, तुलेच सांगता येते म्हणून. मी तो प्रश्न विचारला तेव्हा त्या पोरीनं लिहायचं थांबवून विचारलं होतं, "कोण होते ते आजी? घरचे का? घरचे असतील तर मला तुमच्या कागदावर नोंदवून ठेवावं लागेल, हृदयाचा त्रास घराण्यात येतो."

मी म्हणाली, नाही. शेजारी होते.